डोंगर त्रिकोणी नसतो

पाचवीचा नवा वर्ग आला की बाई पहिल्या तासाला एवढंच म्हणायच्या, "निसर्गचित्र काढा." मग खुर्ची खिडकीकडे वळवून, मुलांकडे पाठ करून बसून राहायच्या. तास संपत आला की वह्या टेबलावर जमा व्हायच्या. सगळ्या वह्यांत एकच चित्र. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधून डोकावणारा सूर्य, खाली येता येता रुंद होत जाणारी नदी, काठावर झोपडी, झोपडीला टेकून नारळाचं झाड आणि वर बरोबरच्या खुणेसारखे पक्षी. बाई एकही वही न उघडता उठायच्या आणि अख्खा वर्ग मैदानात नेऊन उभा करायच्या.

"बघा चारी बाजूंनी. एक तरी त्रिकोणी डोंगर दाखवा मला."

पोरं माना वळवून बघायची. भोरच्या भोवती डोंगरांना काही तोटा नाही. पण रायरेश्वराचं पठार जेवणाच्या टेबलासारखं सपाट, केंजळगडाच्या डोक्यावर कातळाची टोपी, आणि रोहिड्याची सोंड आळस दिल्यासारखी लांब पसरलेली.

"आणि नारळ कुणाच्या बांधावर बघितलास रे?"

पोर पायानं माती उकरायचं.

"मग काढलास कशाला? लिहून घ्या. डोंगर त्रिकोणी नसतो."

हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेली माणसं आज तालुक्यात कुठं कुठं विखुरलेली आहेत. परवा बाजारात भोंगवलीचा एकजण भेटला. आता स्वतःचा टेम्पो चालवतो. म्हणाला, "म्याडम, पोरीची चित्रकलेची वही बघितली आन् तोंडातनं आपसूक निघालं, डोंगर त्रिकोणी नसतो गं." मग हसून त्यानं विचारलं, "डोंगरबाई कुठं असत्यात आता?"

लांब असतात, एवढंच मी सांगितलं. घरी आले आणि दिवसभर बाईच डोळ्यांपुढे राहिल्या.

मी त्या शाळेत भूगोल शिकवायचे, बाई चित्रकला. बाई शिक्षकांना विषयाच्या नावानं हाक मारत. "अहो भूगोल, डबा आणलाय ना?" गणिताचे सर रजेवर असले की, "आज गणित आलं नाही वाटतं." मुख्याध्यापकांना तोंडावर सर आणि पाठीमागे 'प्रशासन'. पहिल्या वर्षी मला त्या हाकेचा राग यायचा. पुढं पुढं अशी वेळ आली, की नवऱ्यानं नावानं हाक मारली तर ओ द्यायला उशीर व्हायचा, आणि बाजाराच्या त्या टोकाकडून कुणी 'भूगोल' म्हणालं की मान आपोआप वळायची.

बाई उंच, काटक. सुती साडी, पदर कमरेला खोचलेला आणि साडीखाली पुरुषांचे कॅनव्हासचे बूट. खांद्याला कापडी पिशवी, तीत रंगांची पत्र्याची पेटी आणि खोकल्याच्या औषधाच्या जुन्या बाटलीत पाणी. काखेत घडीचं स्टूल. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही म्हणून कुणी विचारलं तर म्हणायच्या, "रविवारी कोण मोकळं सोडणार होतं मला?"

कारण रविवार म्हणजे बाईंचा चित्राचा दिवस. माझी मुलं शिकायला पुण्यात गेल्यावर मीही त्यांच्याबरोबर जायला लागले. सकाळची एसटी धरायची. कधी आंबवड्याला, कधी हिर्डोशीकडे, कधी नसरापूरला गाडी बदलून पार वेल्ह्याला. बाई जागा निवडायला तासभर लावायच्या. स्टूल मांडायच्या, उठायच्या, चार पावलं सरकायच्या, परत मांडायच्या. एकदा बसल्या की मात्र उन्हातून हलायच्या नाहीत. मी झाडाखाली पेपर तपासायचे.

वेल्ह्याला एकदा तोरण्यासमोर बसल्या होत्या. पाऊस नुकताच सरलेला, गडाच्या अंगावर ढगांच्या सावल्या पळत होत्या. एक धनगराची आजी शेळ्या घेऊन आली आणि बाईंच्या मागे उभी राहून बघायला लागली. बराच वेळ बघून म्हणाली, "बाय, समदं काढलंस. म्या कुठं हाय ह्यात?"

"तुमी माझ्या मागं हाय की आजी. मला म्होरचंच दिसतंय," बाई म्हणाल्या.

आजीनं मान डोलावली, वळसा घालून पुढं गेली आणि बरोबर तोरण्याच्या समोर, शेळ्यांसकट, ऐसपैस बसली. बाईंनी ब्रश खाली ठेवला. त्यांच्या चित्रात माणूस कधी नसायचा. पण आजीला ऊठ म्हणायचं त्यांच्या जिवावर आलं. शेळ्या चरून पुढं जाईपर्यंत ऊन फिरलं, सावल्या गेल्या आणि चित्र तसंच अर्धं राहिलं. परतीच्या एसटीत मात्र बाई मधेच एकट्या हसल्या. म्हणाल्या, "आजीनं चित्र मोडलं, पण बसली होती झकास."

शनिवारी सकाळची शाळा असायची आणि शेवटचा तास बाईंचा. त्या तासाला रंगांची पेटी उघडायची नाही, असा नियम. त्या तासाला गोष्ट. ती कुठल्याच अभ्यासक्रमात नव्हती. माझा तो तास मोकळा असायचा, म्हणून मी मागच्या बाकावर जाऊन बसायचे.

"हजारो वर्षं माणसं चित्रं काढत होती," बाई सुरू करायच्या, "पण डोंगराला डोंगर म्हणून कुणी काढलं नाही. देव काढले, राजे काढले, शिकारी काढल्या. डोंगर आपला मागं उभा. लग्नाच्या फोटोत शेवटच्या रांगेत लांबचा मामा असतो ना, कुणाच्या तरी फेट्यानं अर्धं तोंड झाकलेला? तसा. आपल्याकडं तरी वेगळं काय? जुन्या चित्रांत काय सुंदर ढग आहेत, काय विजा आहेत! पण त्या कशासाठी? तर खाली राधा वाट बघत उभी आहे म्हणून. मग कधीतरी कुणाला तरी वाटलं, अहो, माणसांनो, जरा बाजूला व्हा. मागचं बघू द्या."

इथं बाई हातानं माणसं बाजूला सारल्यासारखं करायच्या आणि पहिल्या बाकावरची मुलं खरोखर मागं सरायची.

मग साहेबाची गोष्ट. साहेब आला, त्याच्याबरोबर किल्ले आणि खिंडी मोजणारे आले, आणि मोजणाऱ्यांबरोबर चित्र काढणारे आले. "म्हणजे आपले डोंगर कागदावर नीट उतरवले ते कुणी? तर घ्यायला आलेल्यांनी," असं म्हणून बाई खिडकीबाहेरच्या डोंगराकडे बघायच्या. आणि मग त्यांची सगळ्यात लाडकी गोष्ट, रंगाच्या नळीची. पूर्वी चित्रकार रंग घरी खलायचे आणि जनावराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून ठेवायचे. पिशवी फुटली की रंग गेला. असा संसार घेऊन डोंगरात कोण जाणार? मग कुणीतरी टूथपेस्टसारखी पातळ पत्र्याची नळी काढली. बाई पिशवीतून एक पिळून संपलेली नळी काढून सगळ्या वर्गाला दाखवायच्या. "ही नळी निघाली आणि चित्रकार घराबाहेर पडला! तेव्हापासून निसर्गचित्राला कायदा एकच. समोर जाऊन बसायचं आणि दिसेल ते काढायचं. आठवणीतून काढायचं नाही. आठवण लबाड असते. ती त्रिकोण काढते."

कुणी हुशार पोर विचारायचं, "बाई, पुस्तकात तर लिहिलंय चिनी लोकांनी लई आधी डोंगर काढले."

"काढले. पण घरात बसून काढले. ते आपल्याला नको," बाई म्हणायच्या आणि घंटा व्हायची.

हा कायदा त्यांनी शाळेलाही लावला. एकदा तपासणीसाठी पाहुणे येणार होते. मुख्याध्यापकांनी दर्शनी भिंतीवर निसर्गचित्र काढायला सांगितलं. उन्हाळा चालू होता. बाईंनी शाळेसमोरचा डोंगर जसा दिसत होता तसा भिंतीवर उतरवला. तपकिरी, भाजलेला, मध्ये भाताच्या रोपांसाठी पालापाचोळ्याचा राब पेटवल्याचे काळे डाग आणि वर धुरकट आभाळ. मुख्याध्यापक भिंतीसमोर उभे राहिले आणि घाम पुसत म्हणाले, "बाई, जरा हिरवं करा हो."

"जुलैत होईल सर."

"पाहुणे आठवड्यात येतायत!"

"मग त्यांना जुलैत बोलवा."

पाहुणे आले, चहा पिऊन गेले. भिंतीकडे कुणी बघितलंही नाही. पण जुलै लागला आणि बाई शिडी लावून भिंतीवर चढल्या. डोंगर हिरवा झाला. आश्विनात त्यावर सोनकीच्या फुलांचा पिवळा आला, थंडीत गवत वाळून त्याचा पेंढ्यासारखा रंग झाला आणि उन्हाळ्यात पुन्हा काळे डाग पडले. वर्षानुवर्षं बाई ऋतू बदलला की भिंत बदलायच्या. शाळेत येणारी माणसं आधी समोरचा डोंगर बघायची, मग भिंत, आणि जुळलं की हसायची. बाई निवृत्त झाल्यावर भिंतीला आकाशी ऑइलपेंट लागला. तिच्यासमोरून जाताना आजही माझे पाय मंदावतात.

एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. हिर्डोशीच्या रस्त्याला बाई एसटीत नेहमी डोंगराच्या बाजूला बसत. दुसऱ्या बाजूला धरणाचं पाणी लांबवर सोबत करतं, श्रावणात तर डोळे निवतात असं. मी एकदा म्हटलं, "बाई, या इकडच्या खिडकीत. पाणी काय सुंदर दिसतंय!"

"असू दे," एवढंच त्या म्हणाल्या.

त्या पाण्याखाली त्यांची वाडी होती. भात-नाचणी पिकवणारी, चुलत-मावस नात्यांनी बांधलेली थोडक्या घरांची वाडी. बाई शिकायला भोरला आल्या आणि इथल्याच झाल्या. पण आईवडील, भाऊ तिथंच होते. धरण झालं तेव्हा सगळ्यांना पार खाली, फलटणकडच्या सपाट मुलखात जमिनी मिळाल्या. भाऊ तिकडं गेला. वडील जायच्या आधीच वारले. आई मात्र मुलीकडं भोरात राहिली. तिचं म्हणणं, "हितनं निदान डोंगूर तरी दिसत्यात."

हे सगळं मला बाईंनी सांगितलं नाही. त्या वाडीची तीन म्हातारी माणसं एकदा शाळेत आली, तेव्हा कळलं. आम्ही स्टाफरूममध्ये डबा खात होतो. म्हातारे दारातच उभे राहिले. त्यातले थोरले म्हणाले, "बाय, तिकडं आमी नवं देऊळ बांदलंय. देव न्हेला, पर गाव ऱ्हायलं की. तू देवळाच्या भिताडावर आपलं गाव काढून दे."

बाई उभ्या राहिल्या. "काका, म्या न बघता काढत न्हाई."

"न बघता कसं? जलमली तितं तू."

"आता दिसत न्हाई ना काका. समोर असल्याबिगर काढायचं न्हाई, असा माझा नेम हाय."

"समोर आसतं तर तुझ्याकडं कशाला आलो आसतो गं?" म्हातारा म्हणाला.

बाईंनी त्यांना चहा पाजला, गाडीत बसवून दिलं, पण होकार दिला नाही. परत येऊन त्यांनी डब्याला झाकण लावलं. अर्धी भाकरी तशीच होती.

बाई निवृत्त झाल्या त्याच सुमारास त्यांची आई घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पण पुन्हा चालणं काही जमलं नाही. बाजारपेठेमागच्या आळीत बाईंच्या दोन खोल्या होत्या, त्यातल्या बाहेरच्या खोलीत आईचा पलंग. खिडकीसमोर नवी इमारत उठली होती. डोंगर दिसायचा बंद झाला होता. मी शाळा सुटल्यावर तिकडं जायचे. ऊन कलायला लागलं की म्हातारीची चुळबुळ सुरू व्हायची.

"आगं, गुरं आली आसतील. दार उघडाय पायजे. मला घरी न्ये."

"आये, हे घरच हाय."

"ह्ये तुजं. माज्या घरी न्ये. गुरं दारात हुबी ऱ्हात्याल गं."

रोज हेच. बाई समजावायच्या, कधी चिडायच्या, मग मोरीत जाऊन नळ सोडून उभ्या राहायच्या. एकदा मला म्हणाल्या, "भूगोल, मी हिला सांगू तरी काय? पाणी आलंय म्हणून सांगितलं की म्हणते, वसरंल."

आणि एका वर्षी पाणी खरंच ओसरलं. त्या उन्हाळ्यात धरण तळाला गेलं. वाडीची जागा उघडी पडल्याचं हिर्डोशीच्या एका माणसानं फोनवर सांगितलं. बाईंनी शेजारणीला आईजवळ बसवलं आणि स्टूल काखेला मारलं. आम्ही दोघी गेलो. रस्ता सोडून उतारानं खाली, भेगाळलेल्या गाळावरून. बाई पुढं आणि मी मागं. खाली घरांची जोती उरली होती. एका जोत्यात दगडी उखळ तसंच रुतलेलं. देवळाच्या पायऱ्या होत्या, वर देऊळ नव्हतं. झाडांचे नुसते बुंधे. बाई एका जोत्यापाशी थांबल्या, बुटानं गाळ बाजूला केला आणि म्हणाल्या, "हा आमचा उंबरा."

मग स्टूल मांडून, त्यांच्या कायद्याप्रमाणे, समोर बसून त्यांनी चित्र काढलं. ऊन असं की पाणी लावलं की कागद सुकायचा. मी छत्री धरली. चित्र नेहमीसारखं नेमकं झालं.

घरी आल्यावर त्यांनी ते आईपुढं धरलं. म्हातारीनं बराच वेळ बघितलं.

"कुठला गं ह्यो मुलूख? दुष्काळी दिसतोय."

"आये, आपलं गाव हाय. आजच बघून आले."

म्हातारीनं लेकीकडं असं बघितलं, की मला मान खाली घालावी लागली. "आपलं गाव आसं चिखलात कोण टाकंल? कायबी सांगतीस."

आणि भिंतीकडं तोंड करून निजली.

त्यानंतर आठवडाभर मी गेले नाही, पेपर तपासायचे होते. गेले तेव्हा दार लोटलेलं होतं. आत बाई जमिनीवर बसल्या होत्या आणि मोठमोठे कागद एकाला एक चिकटवत होत्या. मला बघून एकदम म्हणाल्या, "भूगोल, त्या चिनी चित्रकारांचं मी पोरांना अर्धंच सांगायचे."

"म्हणजे?"

"घरात बसून काढायचे, एवढंच सांगायचे. का ते सांगितलं नाही. ते आयुष्यभर डोंगर हिंडायचे हो. हिंडून हिंडून अंगात मुरवायचे आणि घरी येऊन काढायचे. एका म्हाताऱ्याचे पाय गेले, तर त्यानं आपले सगळे डोंगर खोलीच्या भिंतींवर काढून घेतले. अंथरुणात पडून त्यात फिरायचा." त्या डिंकाची बोटं पदराला पुसत राहिल्या. "मला हे ठाऊक होतं. पण पोरांना सांगितलं असतं, तर मलाही काढावं लागलं असतं."

पलंगासमोरच्या भिंतीवर तो लांबरुंद कागद लागला. बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा न बघता चित्र काढायला घेतलं. आधी त्यांचा हात उठेना. पेन्सिल कागदाजवळ न्यायच्या आणि परत आणायच्या. शेवटी म्हातारीच म्हणाली, "काय नुसती हुबी ऱ्हायलीस? वढा काढ आधी." आणि ओढा निघाला.

पुढचे दिवस मी विसरू शकत नाही. मायलेकी सकाळपासून भांडायच्या. आई म्हणायची देऊळ मोठं होतं, लेक म्हणायची इवलंसं होतं. लेकीच्या आठवणीतला डोंगर आभाळाला टेकलेला, आईच्या आठवणीतला तो अगदी परसात, हात लावावा असा. कुणाचं खरं होतं देव जाणे. बाईंनी दोन्ही ऐकलं. त्या डोंगराला त्यांनी असा काही निळा दिला, की तो लांबही वाटावा आणि हाकेच्या अंतरावरही. मी त्यांची कितीतरी चित्रं बघितली होती. हे त्यांच्यातलं नव्हतं. ते तेवढं नेमकं नव्हतं. पण समोर उभं राहिलं की गवताचा वास येतोयसं वाटायचं.

"आन् गुरं कुठं हायती?" म्हातारीनं विचारलं.

"आये, मी चित्रात गुरंमाणसं काढत न्हाई."

"मग गाव काढलंस का वसाड?"

बाई पेचात पडल्या. गुरं त्यांनी काढलीच नाहीत. पण दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा गावाच्या वाटेवर सोनेरी धूळ उडत होती, गुरं नुकतीच घराकडं वळल्यावर उडते तशी. आणि त्यांच्या घराचं दार उघडं होतं. एवढंसं काळं चौकोनी दार.

ऊन कललं. मी म्हातारीकडं बघत होते. तिची चुळबुळ सुरू झाली, नजर वाटेवरच्या धुळीवरून सरकत दाराशी गेली.

"दार उघडं हाय," ती म्हणाली. "बरं झालं."

त्यानंतर 'घरी न्ये' म्हणून ती कधी म्हणाली नाही. कधी सांगायची, "आज वढ्यापातूर जाऊन आले. लई गार पानी." कधी, "देवळाम्होरं जरा टेकले हुते." बाई तिचे पाय चेपत विचारायच्या, "दमलीस का गं आये?" ती म्हणायची, "सवय हाय की."

पाऊस संपता संपता ती गेली. सकाळची, शांतपणे, भिंतीकडं बघत.

दहाव्याला वाडीची माणसं खालच्या मुलखातून गाडी करून आली. ते तीन म्हातारेही होते, त्यातल्या थोरल्यांना आता धरून आणावं लागलं. माणसं खोलीत आली आणि बोलायची थांबली. जो येईल तो भिंतीसमोर उभा राहायचा. मग एकेकाचं बोट उठायला लागलं. हे आमचं. हे तुमचं. ही पाणंद. एक बाई तोंडाला पदर लावून खालीच बसली. थोरले म्हातारे जवळ गेले, डोळे बारीक करून शोधत राहिले.

"बाय, माजा आंबा न्हाई हितं."

"घराच्या मागल्या अंगाला व्हता ना काका तो. हितनं दिसत न्हाई."

म्हाताऱ्यानं विचार केला. "व्हय. वाऱ्यानं पानं वाजली की मागच्या दारानंच ऐकू यायची," असं म्हणून त्यांनी चित्रातल्या घराच्या पाठीमागे, जिथं काहीच काढलेलं नव्हतं, तिथं हात ठेवला आणि तो बराच वेळ उचलला नाही.

बाईंनी ते चित्र त्यांना देऊन टाकलं. गुंडाळी करून, सुती साडीत बांधून. गाडी गेली आणि त्या रिकाम्या भिंतीसमोर उभ्या राहिल्या. डिंकाचे डाग तेवढे राहिले होते.

आता बाईही तिकडंच असतात. थोरल्या भावाला अर्धांगाचा झटका आला, वहिनी आधीच गेलेली, मुलं नोकरीपायी लांब. बाई "दोन महिन्यांत येते" म्हणून गेल्या आणि राहिल्या. इकडच्या खोल्या सोडल्या तेव्हा सामान मीच बांधलं. रविवारची सकाळ झाली की अजून मला स्टँडवर जायची तलफ येते. एकदा गेलेही होते. वेल्ह्याकडची गाडी सुटेपर्यंत नुसती बाकावर बसले आणि परत आले.

गेल्या हिवाळ्यात त्यांना भेटायला गेले. सगळीकडं ऊस, सरळ रस्ते, पाटाचं पाणी. नजर कुठं अडतच नाही. बाई पाटाच्या कडेला स्टूलवर बसल्या होत्या. केस पांढरे झालेले, बूट तेच. मला बघून उठल्या आणि मिठी मारली. यापूर्वी त्यांनी असं कधी केलं नव्हतं.

"बघितलंत का भूगोल? इथं चार आणे जमीन आणि बारा आणे आभाळ."

त्यांच्या कागदावरही तसंच होतं. तळाशी उसाची हिरवी पट्टी आणि बाकी सगळे ढग.

"हॉलंडच्या लोकांचं असंच होतं," त्या म्हणाल्या. "मुलूख सगळा सपाट. मग करतील काय? क्षितिज खाली ओढलं आणि अख्खं चित्र ढगांना देऊन टाकलं. जगात नाव झालं त्यांचं. मी तरुणपणी त्यांची छापील चित्रं बघून म्हणायचे, बिचारे."

"मग जमतंय का तुम्हाला?"

"ढग थांबत नाहीत हो. डोंगर निदान बसून राहायचा." त्या हसल्या आणि ब्रश धुवायला लागल्या. बराच वेळ धूत राहिल्या. मग खाली बघूनच म्हणाल्या, "गेल्यावर मला एक फोन कराल?"

"पोहोचल्यावर करतेच की."

"पोहोचल्याचा नाही. पुलावर जाऊन उभ्या राहा आणि करा."

दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर मी भोरला नीरेच्या पुलावर गेले आणि फोन लावला. पहिल्याच रिंगला त्यांनी उचलला.

"तोंड कुणीकडं आहे तुमचं?"

"रायरेश्वराकडं. बाई, फोटो काढून पाठवते ना."

"फोटो नको. मोबाईलमध्ये डोंगर बसका होतो. तुम्ही सांगा."

मी मुलांना वर्गात सांगायचे तसं सांगायला लागले, "समोर रायरेश्वर, समुद्रसपाटीपासून त्याची उंची..."

"उंची नको हो भूगोल. रंग सांगा."

मी बघायला लागले. पुलावरून मोटारसायकली जात होत्या. नदीकाठच्या झाडांखाली काळोख धरत होता, पण शेंडे अजून पिवळे होते. मी ते सांगितलं. पलीकडं भाताची कापलेली खाचरं, कोरड्या पेंढ्याच्या रंगाची, आणि त्यांच्यावर कुणाच्या तरी चुलीचा धूर आडवा पसरलेला. ते सांगितलं. धुराच्या वर पहिली डोंगराची ओळ, वांग्याच्या सालीसारखी, तिच्यात एका घळीत शेवटचं ऊन अडकलेलं. तिकडून काहीच आवाज येत नव्हता. भावाच्या खोकल्याचा आला, मग तोही थांबला.

"बाई, ऐकताय ना?"

"ऐकतेय," त्या म्हणाल्या. आवाज अगदी कानाशी होता. "सावकाश सांगा. मागचा डोंगर अजून यायचाय."